रडली तर दृष्ट, हसली तर सटवाई

९ मार्च १९८५, लातूर

टँकर आला. गल्लीत दोघींची झिंज्या धरून मारामारी. आपल्या वाट्याला दोन घागरी.

आत्याबाई म्हणाल्या, "लेकराला वल्ल्या फडक्यानं पुसून घे. दोन महिन्याच्या जिवाला आंघोळ काय अन् पुसनं काय."

मी माझ्या वाटचं पाणी तापवलं अन् नीलूला घातलं. त्यांच्या देखत. मी स्वतः आज पारोशी, केसांना घामाचा वास. असू दे. सासू असल्या म्हणून काय, आत्याबाईंना काय वाटायचं ते वाटू दे.

पण काय लोळते पोरगी पाण्यात! पायावर घेतलं, पोटावर तांब्याची धार धरली की रडणं बंद. तोंड उघडं, पायाची बोटं फाकलेली. धार थांबली की भुवया वर. परत तांब्या उचलला तर धार पडायच्या आधीच पाय मारायला लागली. तिला माहीत झालंय, आता येणार. मग हसली. दात नाहीत, नुसत्या हिरड्या.

आत्याबाई दारातून बघत होत्या. "सटवाई हसवतीय तिला."

"पाणी मी घातलं, अन् नाव सटवाईचं?"

त्यांना पण हसू आलं. पण तोंड फिरवून हसल्या.

११ मार्च

यांचं, म्हणजे शि.चं, दुकान जोरात. पाईप, मोटारी, केबल. अख्खा जिल्हा बोअर पाडून राहिलाय, कुणाला पाणी लागतं, कुणाला नुसती धूळ, पाईप मात्र सगळ्यांना लागतो. दुष्काळ आमच्या दुकानाला पावला. बाहेर बोलायची सोय नाही, म्हणून इथं.

जिल्हा नवा झाला म्हणून दुकानाची पाटी रंगवली. 'जि. लातूर'. पेंटरनं पातळ हात मारला, खालून उस्मानाबाद अजून दिसतं. शि. म्हणाले, राहू दे, गिऱ्हाईक पाटी वाचत नाही. कलेक्टर आला, कचेरी आली, झेंडे लागले. नळाला पाणी तेवढं आलं नाही.

दिवेलागण झाली की नीलूचं सुरू. पाय पोटाशी, चेहरा लालबुंद, आवाज गल्लीच्या टोकापर्यंत. आत्याबाईंनी मीठ-मोहरी उतरवून चुलीत टाकली. तडतडली नाही फार. "बघ, लई कडक नजर हाय."

रडली तर दृष्ट. हसली तर सटवाई. मग माझी पोरगी कुठं आहे ह्या सगळ्यात? रडणं दुसऱ्याचं, हसणं तिसऱ्याचं. तिचं तिचं काही हाय का नाही?

१४ मार्च

येत्या आयतवारी गयाबाईला सांगावा गेलाय. शिरूर अनंतपाळकडची म्हातारी. डाग देते. हळकुंड तापवून बेंबीच्या भोवती चार. पोट फुगणं जातं म्हणे. मला विचारलं नाही, भाकरी वाढता वाढता सांगितलं.

मी म्हणलं, "नाही."

"नाही म्हंजी?"

"नाही म्हणजे नाही."

"अगं, दम खा की जरा. आमच्या घरात समद्यायला दिल्यात. तुज्या नवऱ्याला दिल्यात. मेला का?"

"त्याला किती दुखलं ते विचारलं का कुणी?"

"त्येला काय आठवतंय? लेकरू इसरतंय."

शि. मान खाली घालून जेवत होते. आमटीत काय एवढं बघण्यासारखं होतं देव जाणे.

यांच्या पोटावर आहेत ते डाग. चार, मसुरीएवढे, चकचकीत. लग्न झाल्यावर पहिल्यांदा दिसले तेव्हा मला देवीचे वण वाटले होते. आज विचारलं, "आठवतं?"

"न्हाई."

"मग पोटाला हात लागला की दचकता कामून?"

"गुदगुल्या व्हतात." अन् कूस बदलली.

आठवत नाही म्हणजे झालंच नाही का? मला गेल्या महिन्यातलं जेवण आठवत नाही, म्हणून मी उपाशी होते का? लेकराला आठवणार नाही हे खरं असेल. पण हळकुंड टेकलं त्या घडीला ते लेकरू तिथंच असतं ना. आठवणीत नसेना, कातडीत असतंच. ज्याचं जळतं त्याला कळतं, असं आपणच म्हणतो, अन् जळायची वेळ आली की म्हणतो याला काय कळतंय.

१५ मार्च

मठातल्या स्वामींकडं जाऊन आले. नीलूला घेऊनच गेले, ऊन होतं तरी. आत्याबाईंना सांगितलं देवाला जाते. खोटं नव्हतं.

आठव्या महिन्यात, आमच्या लिंगायतांच्या रितीनं, ह्याच स्वामींनी माझ्या गळ्यात दुसरं इष्टलिंग बांधलं होतं. माझं एक होतंच, ते दुसरं पोटातल्या जिवाचं. तेव्हा हिनं डोळे उघडले नव्हते, आवाज केला नव्हता, मुलगा का मुलगी ते पण माहीत नव्हतं. तरी सगळ्या पाहुण्यांनी मान्य केलं की आत कुणीतरी आहे. जेवणं झाली. आता ती बाहेर येऊन गळा काढून सांगतेय की मी आहे, तर कुणाला पत्ता नाही.

स्वामींना विचारलं, डाग द्यावा का. म्हणाले, "रीत घराघराची असते." मी म्हणलं, तुमचं मत सांगा. म्हणाले, "मी संसारी माणूस नाही, बाई." असे निसटतात.

मी उठले नाही. बसूनच राहिले. मग तेच म्हणाले, "डाग देताना अंगावरचं लिंग उतरवून बाजूला ठेवतात, एवढं ऐकून आहे."

"कामून?"

"लिंग असलेल्या देहाला तापलेलं लावत नाहीत."

"अन् लिंग उतरवायला चालतं?"

स्वामींनी दाराकडं बघितलं. मग हळूच, "नाही चालत. जीव आहे तोवर उतरवू नये."

मी पाया पडले. मला पाहिजे ते मिळालं होतं.

१७ मार्च, आयतवार

जिंकले!!

काल दुपारी आत्याबाई शेजारी गेल्या तेव्हा नीलूच्या झबल्याला आतून खिसा लावला, तिचं लिंग त्यात ठेवलं अन् चारी बाजूंनी दुहेरी दोऱ्यानं शिवून टाकलं. बारीक टीप. माहेरी शिवण शिकले ते आज कामाला आलं.

गयाबाई आली. गोड बोलणारी म्हातारी, मला 'माजी बाय' म्हणाली. शेगडीत इस्तो फुलवला, हळकुंड ठेवलं. मग म्हणाली, लिंग उतरवा लेकराचं.

मी म्हणलं, "उतरत नाही. शिवलंय."

"म्हंजी?"

"म्हणजे शिवलंय. झबल्याला."

"मंग झबलं काढा की."

"झबलं काढलं तरी लिंग उतरलंच ना? अंगावरलं लिंग उतरवायचं नाही हे ह्या घरात आल्या दिवशी मला आत्याबाईंनीच शिकवलं. न्हाताना पण नाही. काढायचंच असंल तर ही घ्या कात्री. आत्याबाई, तुम्ही लावा. जितं लेकरू आहे, त्याच्या अंगावरलं कापून काढा. मी इथंच बसते बघत."

आत्याबाईंनी कात्री हातात घेतली. घेतली अन् तशाच उभ्या. हळकुंडाचा जळका वास घरभर. नीलू माझ्या मांडीवर पाय झाडत होती, तिला काय, तिला शेगडीतला लाल रंग आवडला होता.

शेवटी गयाबाईच उठली. "म्या न्हाई बाई. ही भानगड माज्या माथी नगं." चहा पिली, बशी पालथी घातली अन् गेली.

आत्याबाई म्हणाल्या, "लई शानी झालीस."

मी म्हणलं, "हाव."

१९ मार्च

आत्याबाईंचा अबोला. माझ्याशी बोलत नाहीत, पाळण्याशी बोलतात. "नीले, तुज्या मायला सांग, भाकर जळून राहिली." मी पण पाळण्याला सांगते, "नीलू, आजीला सांग, जळू दे, मला कडक आवडते." शि. मधे बसून दोन्हीकडं बघतात. पोरीला मात्र मजा, दोन्हीकडून कुणीतरी बोलतंय.

रडणं चालूच आहे. जिंकले त्यात तेवढं एक उणं आहे.

२० मार्च

गाठ आहे.

झबल्याची टीप उसवून लिंग परत गळ्यात बांधलं अन् आंघोळ घालताना दिसली. उजव्या जांघेत, बोराएवढी. रडली की टम्म वर येते, ऊन पाण्यानं निवली की जाते. हात लावला तर किंचाळली. म्हणजे इतके दिवस हे होतं, अन् आम्ही नजर, सटवाई, हळकुंड करत बसलो. ती सांगत होती. तिला येत होतं तेवढ्या भाषेत सांगत होती.

आत्याबाईंना हाक मारली. अबोला गेला खड्ड्यात. त्यांनी बघितलं, खाली बसल्या. "बघितलंस? चार डाग दिले असते तर..." म्हणाल्या, पण आवाजात दम नव्हता.

इथल्या डॉक्टरांनी सांगितलं, आतडं उतरलंय. हर्निया. ऑपरेशन लागेल, अन् लवकर. आतडं अडकलं तर काळं पडतं. आपल्याकडं एवढ्या लहान बाळाची सोय नाही, नांदेडला न्या.

दुकानात माल उतरून राहिला होता. शि. दोन दिवसांत येतो म्हणाले. मी थांबले नाही. सकाळच्या एस.टी.नं निघते.

२२ मार्च, नांदेड

माहेरी, अप्पांच्या घरी. अप्पा विष्णुपुरीला धरणाच्या ऑफिसात आहेत, इथं पाण्याचं दुःख नाही. मायनं नीलूला बादलीभर पाणी घातलं. आख्खी बादली! मला रडू आलं, पाण्यासाठी का पोरीसाठी ते कळलं नाही.

दवाखान्यात जाऊन आलो. सर्जन मोठे आहेत, नाव आहे त्यांचं. माणूस चांगला, हात ऊन, गाठ अशी अलगद आत सारली की नीलू रडली नाही. मला बरं वाटलं. मग विचारलं, ऑपरेशनला तिला किती दुखेल.

"तिला? काही नाही. एवढ्या लहान बाळांना वेदना कळत नाहीत, ताई. मेंदू तेवढा तयारच नसतो. थोडं गुंगीचं हुंगवतो, साखरेच्या पाण्यात बुडवलेला बोळा चोखायला देतो, सिस्टर हातपाय धरतात. लगेच होतं."

"रडत नाहीत?"

"रडतात. ती नुसती प्रतिक्रिया. डोळ्यात कचरा गेला की पापणी मिटते ना, तसं."

"डोळ्यात कचरा गेला की पापणी मिटते अन् खुपतं पण, डॉक्टर."

हसले. चांगलं हसले, राग नाही आला त्यांना.

मी म्हणलं, "अन् साखरेचं पाणी कशाला? दुखणं कळत नाही तर गोड कसं कळतं?"

त्यांनी पेन ठेवलं. "पद्धत आहे तशी." मग पुढचा पेशंट.

शिकलेला सर्जन अन् शिरूरची गयाबाई. एक हळकुंड घेऊन, एक चाकू घेऊन. दोघं माझ्या पोरीला सांगून राहिलेत की तू नाहीस.

२३ मार्च

परत गेले. पूर्ण भूल द्या म्हणलं. मोठ्या माणसाला देता तशी.

डॉक्टरांनी बसवलं, दार लोटलं. म्हणाले, "देता येते. नाही असं नाही. पण एवढ्याशा बाळाला भूल म्हणजे काय, तुम्हाला सांगतो. श्वास मंद होतो. कधी कधी परत येतच नाही. मी बघितलंय. आता तुम्ही सांगा, जीव मोठा का दुखणं मोठं?"

मी नीलूला उचललं अन् बाहेर आले. मी! लग्नात मुलाकडच्या वऱ्हाडाला गप्प केलेली मी. रिक्षात नीलू मांडीवर झोपली होती, मधूनच ओठ चोखत होती.

घरी येऊन भांडी घासली. मायनं घासली होती तीच परत घासली.

२४ मार्च

शि. अन् आत्याबाई आले. आत्याबाईंनी पिशवीतून काढलं काय, तर नीलूची दुपटी, धुऊन घड्या घातलेली. लातूरच्या पाण्यात धुतलेली. कुणाच्या वाटचं पाणी, विचारलं नाही.

शि.ला सगळं सांगितलं. ऐकता ऐकता चेहरा पांढरा पडला. म्हणाले, डॉक्टर म्हणतात तसंच करायचं. भूलबिल काही नाही. "आठवणार न्हाई तिला, नंदा."

"आठवण्याचं कोण बोलतंय? मी त्या अर्ध्या तासाचं बोलतेय. तो कुणाचा आहे?"

"अन् ती उठलीच न्हाई तर? तू मारशील तिला. तुज्या हट्टापायी मारशील."

असं बोलले. माझ्या अप्पांसमोर. मग चप्पल न घालता बाहेर गेले अन् फाटकाला धरून उभे राहिले, रस्त्याकडं तोंड करून. मायनं मला आत ओढलं.

मला भीती वाटते. इथं तरी खरं लिहावं. तोंडानं भांडते अन् रात्री उठून तिच्या नाकाशी हात धरते. उठली नाही तर मी काय करू? कुणाला तोंड दाखवू? त्यांचं खरं ठरलं तर?

पण भीती माझी आहे अन् दुखणं तिचं आहे. माझी भीती कमी व्हावी म्हणून तिला जागं ठेवून कापायचं, हा कुठला न्याय? ती बोलत नाही म्हणून तिच्या वाटचं आपण ठरवायचं, अन् ठरवताना आपल्याला सोपं काय ते बघायचं. नाही. मला नाही पटत.

परत परत लिहिते, पटत नाही.

२६ मार्च

आज झालं ते नीट लिहायला पाहिजे.

सगळे गेलो. डॉक्टर माझ्याशी बोलून थकलेत, त्यांनी आत्याबाईंकडं मोर्चा वळवला. "आजी, तुम्ही समजवा सुनेला. तुम्ही चार लेकरं वाढवलीत. एवढ्याशा जिवाला काय कळतंय?"

मला वाटलं, संपलं. आता म्हातारी मान डोलावणार, अन् मी एकटी.

आत्याबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला. "कळत न्हाई? कोन म्हनलं कळत न्हाई?"

डॉक्टर म्हणाले, शास्त्र म्हणतं.

"तुमचं शास्त्र तुमच्यापाशी. कळतंय म्हून तर डाग देतो आमी. दुखल्याबिगर दुखनं निगतंय व्हय? ह्येला" — शि.कडं बोट — "ह्येला डागलं तवा म्या ह्या हातानं धरलं व्हतं. अंग ताठ झालं लाकडावानी. रडायचं इसरला, अन् माज्याकडं बघितलं त्यानं. दुसऱ्या कुनाकडं न्हाई, माज्याकडं. मायकडं बघत्यात तसं. कळत न्हाई म्हनं! सायेब, लेकरू तुमच्या हातात असतंय, तवा तुमी चाकूकडं बघता. धरनारीला इचारा."

कोपऱ्यात सिस्टर उभी होती, ती खाली बघायला लागली.

शि. म्हणाले, "अन् तरी धरलंस, माय?"

"धरलं की. जगावास म्हून."

शि.चा हात पोटावर गेला होता. त्यांना ठाऊक नव्हतं की गेलाय.

मी इतके दिवस भांडले ते भलत्याच गोष्टीवरून. मला वाटायचं त्यांना लेकराचं दुखणं दिसत नाही. त्यांना माझ्याइतकंच दिसत होतं, माझ्या आधीपासून दिसत होतं. दिसत असून त्यांनी धरलं, अन् तीस वर्षं ते कुणाला सांगितलं नाही. ते जास्त अवघड का माझं, मला नाही सांगता येत. आत्याबाईंचा हात धरावा वाटला. धरला नाही. आमच्यात तसं नाही.

म्हणून डाग बरोबर ठरतात असं नाही, हे पण लिहून ठेवते. बाहेर आल्यावर त्यांना सांगितलं पण. "डाग मी देऊ देणार नव्हतेच." त्या म्हणाल्या, "ठावं हाय. कात्री माज्याच हातात व्हती."

डॉक्टर शेवटी म्हणाले, भूल देणाऱ्या बाई परवा येतात. त्या तयार असतील तर बघू. मी एकट्यानं ठरवणार नाही, म्हणाले.

२८ मार्च

भूल देणाऱ्या बाई. बुटक्या, पांढरी साडी, तोंडात बडीशेप. नीलूला स्वतःच्या मांडीवर घेतलं, तपासता तपासता बोलत राहिल्या, "काय गं ठमे, आईला छळतेस?" नीलू हसली त्यांना. फितूर कुठली.

मी सरळ विचारलं, "बाई, बाळाला कळतं का?"

"सिद्ध करून दाखव म्हणाल तर मला येणार नाही. ती काही सांगायची नाही अन् मी तिच्यात शिरायची नाही. पण मी ऑपरेशनभर बाळाच्या नाडीवर बोट ठेवून बसते. चीर दिली की नाडी घोड्यासारखी पळते. खूप वेळ पळते. मला ते बोटाला आवडत नाही."

"मग भूल द्याल?"

"देईन. हलकी देईन, जपून देईन. पण ते डॉक्टर खोटं नाही बोलले. धोका आहे. तुम्हाला खात्री पाहिजे असेल तर माझ्याकडं नाही."

"उठेल ना?"

"बहुतेक."

बहुतेक. एवढाच शब्द मिळाला. मी शि.कडं बघितलं. मला वाटलं आता परत फाटक धरतील. ते नीलूकडं बघत होते. म्हणाले, "द्या भूल."

जिना उतरताना विचारलं, कामून मन बदललं. म्हणाले, "माय म्हनली ना, म्या तिच्याकडं बघितलं. उद्या ही कुनाकडं बघंल? आपल्याला तर आत येऊ देत न्हाईत."

मग जिन्यातच थांबले अन् म्हणाले, "पन काही झालं तर मी तुला बोल लावनार. आत्ताच सांगतो."

मी म्हणलं, लावा. मी पण लावीन स्वतःला. पण आधी पोरगी.

३१ मार्च

उद्या. पहाटेपासून दूध द्यायचं नाही.

आत्याबाईंनी आज आंघोळ घातली. माझ्या हातातून घेतलीच. पायावर घेऊन, पोटावर धार धरून, कन्नडमधलं काहीतरी गुणगुणत. त्यांचं माहेर निलंग्याच्या पलीकडलं. धार कमी झाली की नीलू भुवया वर करायची, अन् म्हातारी ओरडायची, "आन गं पानी! लेकरू वाट बघून राहिलंय!" मी बादल्या आणत राहिले. अप्पा म्हणाले, धरण रिकामं करता काय आज.

सुख कळतं का नाही, ह्यावर कुणी वाद घालत नाही. ते फुकट देता येतं म्हणून असेल. दुखण्याचा प्रश्न आला की सगळ्यांना पुरावा पाहिजे.

१ एप्रिल

पहाटेपासून भुकेली. तोंड माझ्या छातीशी घासत होती अन् मी पदर घट्ट धरून बसले. चोळी ओली झाली. दूध आहे, पोर आहे, अन् द्यायचं नाही. बाकी सगळ्यांशी भांडले, आज हे मीच केलं तिला. माझ्याकडं बघत होती. शेवटी आत्याबाईंनी तिला घेतलं अन् व्हरांड्यात लांब गेल्या.

नवाच्या सुमारास आत नेली. दार बंद झाल्यावर काही ऐकू आलं नाही. मी कान लावून बसले होते. ती एकदाही रडली नाही. हेच पाहिजे होतं मला. ह्याच्यासाठीच सगळं.

सर्जन बाहेर आले. ऑपरेशन चांगलं झालं. आतडं साफ होतं, काळं नव्हतं. माझ्याकडं बघून म्हणाले, "नाडी अजिबात पळाली नाही, म्हणतात बाई." एवढं बोलून हात पुसत गेले. मला वाटलं नाचावं.

मग तिला आणून दिली. एवढीशी, पांढऱ्या कापडात. श्वास चालू आहे, पण कसा, वाऱ्यानं पान हलावं तेवढा. डोळे मिटलेले. गाल गार.

भूल देणाऱ्या बाई म्हणाल्या, "आता हिनं रडायला पाहिजे. रडली की श्वास भरतो, मग मला काळजी नाही. तळपायावर टिचक्या मारत राहा. थांबू नका. मी इथंच आहे."

"जोरात?"

"दुखलं पाहिजे."

तेव्हापासून मारतोय. आत्ता पाय शि.च्या हातात आहे, म्हणून माझा हात मोकळा आहे, म्हणून लिहितेय. नुसतं बसवत नाही. आत्याबाई तिच्या टाळूवर तोंड टेकवून आहेत. नुसतं बोट वर करून सांगतात, श्वास आला. आला. आला.

बाई दोनदा येऊन गेल्या. दुसऱ्यांदा बडीशेप नव्हती तोंडात.

शि. हळू मारतायत. टिचकी म्हणजे नुसता नखाचा स्पर्श. त्यांना जमत नाही, ओठ दाबून बसलेत. असं चालायचं नाही. आत्याबाई बघतायत माझ्याकडं. त्यांना माहीत आहे हे कुणी करायचं असतं.

उठते. मीच मारते.

रड गं माझे बाय. दुखतंय ना? मग रड.